यकृताचा कर्करोग : औषधाचा नेम नक्की कोणत्या पेशीवर?

औषधविचार :

यकृताच्या कर्करोगावरील नव्या औषधांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात 'पेशीवरील रिसेप्टरला लक्ष्य करणारे औषध' हे वर्णन ठरलेलेच असते. ते वाचून सर्वसाधारण वाचकाची अशी समजूत होते की कर्करोगाच्या पेशीच्या पृष्ठभागावर बाहेरचे संदेश पकडणारे एखादे खास प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, असते, औषध तेवढेच हेरते आणि निरोगी पेशींना धक्का न लावता रोगट पेशी नष्ट करते. स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात हर-२ या रिसेप्टरवर नेमलेल्या ट्रास्टुझुमॅबने या अपेक्षेच्या बरेच जवळ जाणारे काम केले आहे. यकृतात मात्र तसे घडलेले नाही. या रोगात आजवर जी औषधे उपयोगी ठरली त्यांचा मुख्य नेम गाठीतील पेशीवर नव्हताच. तो गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवर किंवा शरीराच्या स्वतःच्या, रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींवर होता, आणि ज्यांचा नेम थेट कर्करोगाच्या पेशीवरील रिसेप्टरवर होता ती औषधे मोठ्या चाचण्यांत एकामागून एक गळाली, असे माझे म्हणणे आहे. त्याची कारणे येथे तपासावीत, अशी इच्छा आहे. मी औषधशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही; त्यामुळे प्रत्यक्ष उपचारांबद्दल येथील डॉक्टर सदस्यांनी अवश्य लिहावे. चर्चा यकृताच्या स्वतःच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगापुरती, म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमापुरती ठेवू. मोठ्या आतड्यातून वगैरे पसरून यकृतात आलेल्या गाठींचे औषधशास्त्र निराळे आहे.

आधी रक्तवाहिन्यांचे पाहू. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून मिळते आणि उरलेले यकृताच्या धमनीतून येते. गाठ वाढू लागली की ती बहुतेक सर्व रक्त धमनीतून ओढू लागते आणि त्यासाठी नव्या वाहिन्या फुटाव्या लागतात. व्हीईजीएफ नावाचे प्रथिन वाहिन्यांच्या अस्तरपेशींवरील आपल्या रिसेप्टरला चिकटून ही वाढ घडवून आणते. सोराफेनिब ही गोळी तो रिसेप्टर अडवते. शिवाय पीडीजीएफ या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाचा रिसेप्टर आणि पेशीच्या आतील राफ हे विकरही अडवते. तिला अमेरिकेत या रोगासाठी २००७ साली मंजुरी मिळाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६०२ रुग्णांच्या 'शार्प' चाचणीत मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण किमान जेवढा काळ जगले तो) ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेले. ही भर आज तुटपुंजी वाटेल, परंतु रोग इतका पुढे गेलेल्या रुग्णांचे आयुष्य वाढते हे त्याआधी कोणत्याही गोळीला सिद्ध करता आले नव्हते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की गाठ ठळकपणे लहान झालेले रुग्ण जेमतेम दोन टक्के होते. औषध गाठ मारत नव्हते, तिची वाढ लांबवत होते.

आता अपयशांकडे वळू. ईजीएफआर हा रिसेप्टर यकृताच्या कर्करोगपेशींवर भरपूर आढळतो, म्हणून तो अडवणारे एर्लोटिनिब सोराफेनिबला जोडून ७२० रुग्णांत तपासले गेले. मध्यक आयुर्मान ९.५ विरुद्ध ८.५ महिने, म्हणजे संख्याशास्त्रीय दृष्ट्या फरक नाहीच. टिव्हँटिनिबची कथा अधिक बोलकी आहे. ते मेट या रिसेप्टरवर काम करते असे मानून, गाठीत मेट जास्त असलेले रुग्णच निवडून, तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ८.४ महिने आणि न घेणाऱ्यांचे ९.१ महिने भरले. दरम्यान प्रयोगशाळांतून असेही दिसून आले होते की टिव्हँटिनिबचा परिणाम बव्हंशी मेटमुळे नसून पेशीविभाजनाला लागणाऱ्या सूक्ष्मनलिकांवरील क्रियेमुळे होतो. नेमच जिथे धरला होता तिथे लागत नव्हता.

मला यामागचे कारण जनुकांत दिसते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात ईजीएफआरचे जनुकच बदललेले असते आणि पेशी त्या बदललेल्या रिसेप्टरवर जगते. म्हणून तो बंद केला की पेशी कोसळते. यकृताच्या कर्करोगात वारंवार आढळणारे बदल टर्ट जनुकाच्या नियंत्रक भागात, टीपी-५३ मध्ये आणि बीटा-कॅटेनिनच्या जनुकात असतात. यांपैकी एकही पृष्ठभागावरील रिसेप्टर नाही. रिसेप्टर पेशीवर दिसतो, एवढ्यावरून पेशीचे जगणे त्याच्यावर अवलंबून आहे असे ठरत नाही, आणि या क्षेत्रातील कित्येक वर्षे हे दोन्ही एकच मानण्यात गेली, असे मी म्हणेन.

कोयनाकाठ :

लेख आवडला. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. रिसेप्टर अडवून पेशी मारण्याऐवजी रिसेप्टरचा उपयोग औषध आत नेण्यापुरता केला तर? यकृताच्या पेशींवर असा एक रिसेप्टर असतो की जो इतर अवयवांत जवळजवळ नसतो, असे वाचले होते. मग केमोथेरपीचे औषध त्याच्यामार्फत थेट यकृतात का पाठवत नाहीत?

सूक्ष्मदर्शी :

तुम्ही म्हणता तो असायलोग्लायकोप्रोटीन रिसेप्टर. त्याचा शोध आडवाटेने लागला. अमेरिकेत गिल्बर्ट अ‍ॅशवेल आणि अ‍ॅनाटोल मोरेल हे १९६० च्या दशकात रक्तातील सेरुलोप्लाझमिन या तांबे धारण करणाऱ्या प्रथिनावर काम करत होते. प्रथिनाच्या टोकावरील सायलिक आम्ल काढून टाकले आणि ते सशाला टोचले, तर एरवी कित्येक तास रक्तात फिरणारे ते प्रथिन काही मिनिटांत नाहीसे होऊन यकृतात सापडू लागले. सायलिक आम्ल निघाल्यावर खालची गॅलॅक्टोज ही शर्करा उघडी पडते आणि यकृतपेशीवरील रिसेप्टर तिला पकडून आत ओढतो, हा त्याचा अर्थ होता. एका यकृतपेशीवर असे सुमारे पाच लाख रिसेप्टर असतात, आणि माल आत सोडून ते थोड्याच वेळात पुन्हा पृष्ठभागावर येतात.

औषध वाहून नेण्यासाठी याहून चांगली सोय शोधून सापडणार नाही, म्हणून कर्करोगासाठी ती वापरून पाहणे ओघानेच आले. डॉक्सोरुबिसिन हे जुने औषध एका पाण्यात विरघळणाऱ्या बहुवारिकाला (पॉलिमरला) जोडून, त्यावर गॅलॅक्टोसअमाइन ही शर्करा बसवून तयार केलेले पीके-२ नावाचे संयुग इंग्लंडमध्ये ३१ रुग्णांना देण्यात आले. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. शर्करेमुळे औषध यकृताकडे वळते हे माणसात स्पष्टपणे दिसले. चोवीस तासांनंतर दिलेल्या मात्रेपैकी सुमारे १७ टक्के भाग यकृताच्या परिसरात होता. गाठीत मात्र ३ टक्क्यांच्या आसपासच पोहोचला होता. नुसते डॉक्सोरुबिसिन देऊन गाठीत जेवढे जाते त्यापेक्षा हे पुष्कळ जास्त होते, आणि काही रुग्णांच्या गाठी लहानही झाल्या, तरीही मोठा वाटा गाठीभोवतीच्या कर्करोगमुक्त यकृताने घेतला ही बाब उरतेच.

अडचण तिथेच आहे. हा रिसेप्टर यकृताची ओळख आहे, कर्करोगाची नव्हे. उलट, कर्करोगपेशी जसजशी यकृतपेशीचे मूळ रूप सोडत जाते तसतसा हा रिसेप्टर तिच्यावरून कमी होत जातो. सौम्य, मूळ रूप टिकवून असलेल्या गाठीत तो बऱ्यापैकी असतो. आक्रमक गाठीत, म्हणजे जिथे औषधाची खरी निकड असते तिथे, तो नेमका हरवलेला असतो.

या रिसेप्टरचे सोने झाले ते दुसरीकडे. त्याला एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसअमाइन ही शर्करा गॅलॅक्टोजपेक्षाही घट्ट चिकटते. तिचे तीन रेणू आरएनएच्या छोट्या तुकड्याला जोडले की तो तुकडा कातडीखाली टोचूनही यकृतपेशीत पोहोचतो. पोर्फिरिया या दुर्मीळ विकारावरील गिव्होसिरान २०१९ मध्ये याच मार्गाने मंजूर झाले. त्यापाठोपाठ आलेले, वर्षातून दोनदा टोचून कोलेस्टेरॉल कमी ठेवणारे इन्क्लिसिरान हेही त्याच वाटेचे. दोन्ही ठिकाणी निरोगी यकृतपेशीत पोहोचणे हेच उद्दिष्ट होते. पेशी मारायची नसून तिच्यातील एखादे प्रथिन कमी करायचे असेल, तर हा रिसेप्टर आदर्श आहे.

तुषारबिंदू :

आमच्या मामांना सिरोसिस (यकृतात व्रण पडून ते निकामी होत जाण्याचा आजार) आहे आणि दोन महिन्यांपूर्वी त्यात गाठ निघाली. नात्यातील एकांनी असे सांगितले की ज्येष्ठमधातील द्रव्य यकृतपेशीच्या रिसेप्टरला चिकटते हे परदेशी संशोधनाने सिद्ध झाले आहे, म्हणून रोज ज्येष्ठमधाचा काढा द्यावा. त्यांनी पाठवलेला शोधनिबंध खोटा वाटत नाही. यात तथ्य किती?

सूक्ष्मदर्शी :

शोधनिबंध खरा असू शकतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल यकृतपेशींच्या आवरणावर चिकटते असे प्रयोगांत दिसले आहे, आणि म्हणून अनेक प्रयोगशाळांनी, विशेषतः चीनमधील, औषध भरलेल्या अतिसूक्ष्म कणांच्या बाहेरच्या बाजूला हे आम्ल लावून ते कण यकृतात जास्त जातात का हे तपासले आहे. तेथे आम्लाचे काम कण यकृतपेशीपाशी नेऊन पोहोचवण्याचे आहे; गाठीवर उपचार करायचा तो कणाच्या आत भरलेल्या केमोथेरपीच्या औषधाने. काढा प्यायल्याने असा कोणताही कण तयार होत नाही.

काढ्याचा अपाय मात्र निश्चित स्वरूपाचा आहे. हेच आम्ल मूत्रपिंडातील एक विकर अडवते. त्यामुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटते. सिरोसिसच्या रुग्णाच्या पोटात आधीच पाणी होत असेल आणि ते उतरवण्यासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रोजचा ज्येष्ठमध त्या उपचाराच्या बरोबर विरुद्ध दिशेने काम करील. पोटॅशियम फार खाली गेले तर रुग्णाच्या भानावरही परिणाम होऊ शकतो. मामांच्या डॉक्टरांना काढ्याबद्दल न संकोचता सांगा.

जठरांत्र :

मी पोटविकारतज्ज्ञ आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूने काही मुद्दे जोडतो. वरील चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे, ती म्हणजे गाठीवर कोणते रिसेप्टर आहेत हे आम्हाला माहीत असते. बहुतेक वेळा ते माहीत नसते. सिरोसिस असलेल्या रुग्णात सीटी स्कॅनवर गाठ धमनीच्या टप्प्यात, म्हणजे शिरेतून दिलेले रंगद्रव्य धमनीतून येते तेव्हा, उजळून नंतरच्या टप्प्यात भोवतालच्या यकृतापेक्षा काळपट दिसली, तर तेवढ्यावर निदान पक्के होते आणि तुकडा काढावा लागत नाही. रुग्णाच्या दृष्टीने हे चांगलेच, कारण सुईने तुकडा घेताना रक्तस्रावाचा आणि क्वचित सुईच्या वाटेने रोग पसरण्याचा धोका असतो. पण याचा परिणाम असा झाला की स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगात जसा गाठीच्या तुकड्यांचा साठा जमला तसा येथे जमला नाही. जो जमला तो मुख्यतः शस्त्रक्रिया करता आलेल्या, म्हणजे लवकरच्या अवस्थेतील रुग्णांचा. औषधे मात्र पुढच्या अवस्थेतील रुग्णांवर तपासली जातात.

दुसरे म्हणजे, या रुग्णाला दोन आजार असतात. गाठ हा एक, आणि तिच्याखालचे नासलेले यकृत हा दुसरा. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातील पाणी आणि मेंदूवरील परिणाम यांवरून यकृताची चाइल्ड-प्यू श्रेणी ठरते, आणि धाग्यात उल्लेखलेल्या जवळजवळ सर्व मोठ्या चाचण्या 'अ' श्रेणीच्या रुग्णांवर झालेल्या आहेत. 'क' श्रेणीच्या रुग्णाला ही औषधे देऊन आयुष्य वाढत नाही. नातेवाईक जेव्हा चाचणीतील आकडा घेऊन येतात, तेव्हा तो आकडा त्यांच्या रुग्णाला लागू नाही हे सांगणे हा माझ्या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे.

मूळ लेखकांचे टी-पेशींबद्दलचे विधान मला मान्य आहे, फक्त ते त्यांनी घाईत सोडून दिले. आज पहिल्या फळीत जे उपचार आहेत ते तिथलेच आहेत. अटेझोलिझुमॅब हे प्रतिपिंड पीडी-एल-१ ला अडवते, म्हणजे टी-पेशीवरील पीडी-१ या रिसेप्टरला मिळणारा 'थांब' हा संदेश तोडते, आणि बेव्हासिझुमॅब हे व्हीईजीएफलाच बांधून ठेवते. या जोडीच्या चाचणीत मध्यक आयुर्मान १९.२ महिने आणि सोराफेनिबवर १३.४ महिने होते. बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी दुर्बिणीने अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा तपासून त्यांचा बंदोबस्त करणे आवश्यक असते. ज्यांच्या शिरा धोक्याच्या असतात त्यांच्यासाठी ट्रेमेलिमुमॅबची एकच मात्रा आणि सोबत नियमित डुर्व्हालुमॅब हा पर्याय आहे. त्यात मध्यक आयुर्मान १६.४ महिने होते. यकृत प्रत्यारोपण झालेल्यांना मात्र ही प्रतिकारशक्ती मोकळी करणारी औषधे देणे धोक्याचे असते, कारण सुटलेल्या टी-पेशी नव्या यकृतावरच हल्ला करू शकतात.

हिशेबनीस :

औषधशास्त्राच्या चर्चेत किमतीचा विषय अवांतर वाटेल, पण सोराफेनिबबाबत तो टाळता येत नाही. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून पेटंट नियंत्रकांनी भारतातील पहिला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीवाचून दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा) दिला, तो याच औषधासाठी. बायर कंपनीच्या १२० गोळ्यांची, म्हणजे एका महिन्याची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये होती; हैदराबादच्या नॅटकोला तेवढ्याच गोळ्या सुमारे ८,८०० रुपयांना विकण्याच्या अटीवर परवाना मिळाला आणि विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन ठरले, जे पुढे अपिलात ७ टक्के झाले. लोकांची गरज भागलेली नाही, किंमत परवडणारी नाही आणि पेटंटाचा भारतात पुरेसा वापर झालेला नाही, ही तिन्ही कारणे आदेशात धरली होती. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो परवाना कायम ठेवला. वर सांगितलेल्या प्रतिपिंडांच्या जोडीचा खर्च पाहिला की आजही अनेक घरांत पहिले औषध म्हणून सोराफेनिब किंवा लेनव्हाटिनिब ही तशीच दुसरी गोळीच का येते, ते कळते.

प्रश्नचिन्ह :

मूळ विधानावर माझा आक्षेप आहे. लेनव्हाटिनिब व्हीईजीएफच्या रिसेप्टरबरोबर एफजीएफ या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनांचे एफजीएफआर-१ ते ४ हे रिसेप्टरही अडवते, आणि एफजीएफआर-४ हा तर खुद्द यकृतपेशीवरचा रिसेप्टर आहे. २०१८ च्या चाचणीत लेनव्हाटिनिबवर मध्यक आयुर्मान १३.६ महिने आणि सोराफेनिबवर १२.३ महिने होते, म्हणजे ते कमी नाही एवढेच सिद्ध झाले. पण गाठ आक्रसण्याचे प्रमाण २४ टक्के विरुद्ध ९ टक्के होते. एवढा फरक केवळ रक्तवाहिन्यांमुळे पडला असे कशावरून म्हणावे?

औषधविचार :

आक्षेप वजनदार आहे, आणि तो पुढे नेण्यासाठी लेनव्हाटिनिबपेक्षा फिसोगॅटिनिब हे उदाहरण अधिक उपयोगी आहे, कारण ते एकट्या एफजीएफआर-४ लाच अडवते. जेवणानंतर लहान आतडे एफजीएफ-१९ हे संप्रेरक सोडते. ते यकृतपेशीवरील एफजीएफआर-४ ला चिकटून पित्ताम्लांची निर्मिती कमी करण्याचा संदेश देते. काही गाठी हे संप्रेरक स्वतःच तयार करू लागतात आणि त्यावर वाढतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत, ज्यांच्या गाठीत एफजीएफ-१९ होते अशांपैकी १७ टक्के रुग्णांत गाठ आक्रसली. ज्यांच्यात नव्हते त्यांच्यापैकी एकातही नाही. पुढे ज्यांच्यावर औषध चालेनासे झाले त्यांपैकी काहींच्या गाठीत एफजीएफआर-४ चे जनुकच अशा प्रकारे बदललेले आढळले की औषध त्याला चिकटू नये. माझ्या मते गाठ त्या रिसेप्टरवर खरोखर जगत होती याचा याहून सबळ पुरावा मिळणे कठीण. रिसेप्टरची गरज नसती तर तो बदलून वाचवण्याचे कारणच नव्हते.

म्हणून मी माझे विधान मागे घेत नाही, पण त्याला पुस्ती जोडतो. कर्करोगपेशीवरील रिसेप्टर हे लक्ष्य चालू शकते. मात्र रुग्णांच्या एका छोट्या गटात, आणि तो गट आधी तुकडा तपासून ओळखला तरच. 'जठरांत्र' यांनी सांगितलेली तुकड्यांची टंचाई येथे आडवी येते. लेनव्हाटिनिबच्या २४ टक्क्यांपैकी किती वाटा एफजीएफआर-४ चा, हे त्या चाचणीवरून वेगळे काढता येत नाही. शिवाय त्या चाचणीत यकृताचा निम्म्याहून अधिक भाग व्यापणारी गाठ असलेले आणि मुख्य पोर्टल शिरेत गाठ शिरलेले रुग्ण घेतलेच नव्हते, हेही आकडे वाचताना ध्यानात ठेवावे.

कोयनाकाठ :

मग कार-टी उपचारांचे, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याचे काय? आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालय यांनी मिळून विकसित केलेल्या उपचाराला २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. तो यकृताच्या कर्करोगाला चालत नाही का?

सूक्ष्मदर्शी :

नाही. तुम्ही म्हणता तो नेक्सकार-१९ हा उपचार बी-पेशींपासून होणाऱ्या रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कर्करोगांसाठी आहे. त्याचे लक्ष्य सीडी-१९ हे प्रथिन असून ते निरोगी बी-पेशींवरही असते. त्या मारल्या जातात, पण बी-पेशींवाचून माणूस बाहेरून दिलेल्या प्रतिपिंडांच्या आधारावर जगू शकतो. यकृतपेशींवाचून जगता येत नाही. त्यामुळे असायलोग्लायकोप्रोटीन रिसेप्टरवर कार-टी पेशी सोडण्याचा विचारही करता येत नाही. लक्ष्य असे हवे की जे गाठीवर असेल आणि प्रौढ यकृतावर नसेल.

त्या कसोटीला बऱ्यापैकी उतरते ते ग्लिपिकॅन-३. काटेकोरपणे बोलायचे तर हा रिसेप्टर नव्हे, इतर रिसेप्टरांना साहाय्य करणारे, आवरणाला टांगलेले प्रथिन आहे. गर्भाच्या यकृतात ते असते, प्रौढ निरोगी यकृतात नसते आणि यकृताच्या कर्करोगाच्या बहुसंख्य गाठींत पुन्हा उगवते. त्याच्यावरील कोड्रिटुझुमॅब हे साधे प्रतिपिंड दुसऱ्या टप्प्यातच निष्प्रभ ठरले. म्हणजे लक्ष्य चांगले असूनही नुसते त्याला चिकटणे पुरेसे नव्हते. त्याच ग्लिपिकॅन-३ वर नेमलेल्या कार-टी पेशींच्या चाचण्या चीन आणि अमेरिकेत झाल्या असून काही रुग्णांत गाठी आक्रसल्या आहेत. या अभ्यासांतील रुग्णसंख्या अजून लहान आहे, आणि घट्ट गाठीच्या आत शिरून टी-पेशींनी तेथे टिकून राहणे ही रक्ताच्या कर्करोगात नसलेली अडचण येथे आहे.

तुषारबिंदू :

काढा बंद केला आहे आणि डॉक्टरांनाही सांगितले. मामांच्या गाठीचा तुकडा मात्र काढला होता, कारण स्कॅनवर नीट ठरत नव्हते. त्या अहवालात 'ग्लिपिकॅन-३ पॉझिटिव्ह' असे लिहिले आहे. म्हणजे त्यांना त्याच्यावरचे औषध मिळू शकेल का?

जठरांत्र :

अहवालातील ती नोंद निदानासाठी असते. तुकड्यातील पेशी यकृताच्या कर्करोगाच्या आहेत की सिरोसिसमधील साध्या गाठीच्या, हे ओळखायला पॅथॉलॉजिस्ट जे रंग वापरतात त्यांत ग्लिपिकॅन-३ चा समावेश असतो. तो पॉझिटिव्ह आल्याने निदानाला बळकटी मिळते. आजच्या घडीला त्या नोंदीवरून नेहमीच्या उपचारातील कोणतेही औषध निवडले जात नाही. एखाद्या चाचणीत सहभागी होण्याचा विषय निघालाच तर ती उपयोगी पडेल, म्हणून अहवाल आणि शक्य असल्यास मेणात जपलेला तुकडा रुग्णालयाकडून मागून ठेवा.

मामांचे औषध ठरेल ते त्यांची चाइल्ड-प्यू श्रेणी, अन्ननलिकेतील शिरांची स्थिती आणि पोर्टल शिरेत गाठ शिरली आहे की नाही, यांवरून. दुर्बिणीची तपासणी अजून झाली नसेल तर पुढच्या भेटीत आधी तिच्याबद्दल विचारा.